बेटाचे पाणी, परगावचे माप

समुद्रकाठच्या माणसाला इंदूर दूरचे वाटणे स्वाभाविक आहे. माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर वसलेली ती होळकरांची राजधानी. तिचा आणि भरती-ओहोटीचा संबंध काय, असे कोणीही विचारील. मराठी माणसाला इंदूर आठवते ते होळकरांच्या दौलतीमुळे, अहिल्यादेवींच्या पुण्याईमुळे आणि तेथे पिढ्यान् पिढ्या नांदणाऱ्या मराठी घरांमुळे. बेटे आणि त्यांचे पाणी हा विषय निघाला, की आपली नजर दिवाडी-चोडणकडे वळते, फार तर लक्षद्वीपकडे जाते; इंदूरकडे ती जात नाही. तथापि बेटांच्या पाण्याविषयी तज्ज्ञांनी कसे वागावे आणि कसे वागू नये, ह्याचे जितके धडे इंदूर आणि त्याचा परिसर देतो, तितके दुसरा प्रदेश क्वचितच देत असेल. ते धडे गोव्याच्या आणि कोकणच्या किनाऱ्याने समजून घेण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

इंदूरहून खांडव्याच्या वाटेने सुमारे 80 किलोमीटर गेले की नर्मदा लागते आणि तिच्या पात्रात मांधाता नावाचे बेट लागते. एका बाजूस नर्मदा, दुसऱ्या बाजूस कावेरी ह्या नावाचा प्रवाह आणि मध्ये ओंकारेश्वराचे ज्योतिर्लिंग. बेटाचा आकार ॐकारासारखा आहे अशी भाविकांची श्रद्धा आहे. आद्य शंकराचार्यांना गोविंदपादांचे शिष्यत्व येथेच लाभले असे परंपरा मानते. आणि गोविंदपादांचे गुरू गौडपादाचार्य, ज्यांचे नाव आपल्या कवळे मठाने धारण केले आहे. म्हणजे ज्या बेटाला आपण दूरचे समजतो त्याच्याशी गोमंतकीयांचे नाते जुने आहे. शिवाय बेटावरचा शिव आपणांस अपरिचित थोडाच आहे? कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मुळात दिवाडी बेटावरचे. पोर्तुगिजांनी ते देऊळ पाडले, लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूस नेण्यात आले आणि तेथील नार्वे गावच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 साली करविला. पाण्याने वेढलेल्या भूमीवर देव बसविणाऱ्या पूर्वजांना पाण्याची भीती नव्हती. पाण्याचा स्वभाव त्यांना ठाऊक होता.

मांधात्याच्या बेटाला वेढणारी नर्मदा आज पूर्वीची राहिलेली नाही. बेटाच्या वरच्या अंगास, देवळापासून नजरेच्या टप्प्यात, 520 मेगावॉट क्षमतेचे ओंकारेश्वर धरण 2007 साली उभे राहिले. त्याच्याही वर इंदिरासागरचा प्रचंड जलाशय असून त्याने 2004 साली हरसूद हे जुने गाव गिळले. नदी आता पावसाने वाढत नाही, दरवाज्यांनी वाढते. 7 एप्रिल 2005 रोजी ह्याचा जो अर्थ कळला तो भयंकर होता. भुतडी अमावास्येच्या स्नानासाठी देवास जिल्ह्यातील धाराजी येथे हजारो यात्रेकरू नर्मदेत उतरले होते. वीजनिर्मितीसाठी इंदिरासागरातून पाणी सोडण्यात आले, पात्र काही क्षणांत चढले आणि साठांहून अधिक जीव वाहून गेले. अमावास्या पंचांगात छापलेली होती. वीजकेंद्राच्या वेळापत्रकात ती नव्हती. पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्यांना माणसांचा हिशेब ठाऊक नव्हता आणि ज्यांना माणसे ठाऊक होती त्यांना पाण्याचा हिशेब कोणी सांगितला नव्हता. धाराजीची दुर्घटना ही आमच्या मते अज्ञानाने घडलेली नाही. ज्ञान दोन्हीकडे होते. त्या दोन ज्ञानांची एकमेकांशी ओळख नव्हती म्हणून ती घडली.

2012 साली त्याच परिसरातील घोगलगाव येथे विस्थापितांनी गळ्यापर्यंतच्या पाण्यात उभे राहून 17 दिवस जलसत्याग्रह केला. जलाशयाची पातळी आणखी वाढवू नये आणि जमिनीच्या बदल्यात जमीन मिळावी, एवढेच त्यांचे मागणे होते. पाण्याने त्यांच्या पायांची कातडी सोलून निघाली, तेव्हा कोठे शासन हलले. पुढे 2023 च्या सप्टेंबरात मांधात्यावर शंकराचार्यांची 108 फूट उंचीची मूर्ती उभी राहिली. मूर्तीपुढे आम्हीही हात जोडतो. परंतु हात जोडून झाल्यावर एक साधा प्रश्न विचारणे हे भक्तीला बाधक नव्हे: ह्या लहानशा खडकाळ बेटावर येणारी माणसे वाढणार, तर त्यांना प्यावयास पाणी किती लागेल आणि त्यांचे सांडपाणी कोठे जाईल? मुख्य भूमीवरची चूक पसरते आणि पसरता पसरता विरते. बेटावरची चूक जेथल्या तेथे साचते. बेट आणि मुख्य भूमी ह्यांतला खरा भेद हाच आहे आणि बेटांसाठी योजना आखणाऱ्यांनी तो पहिल्या पानावर लिहून ठेवावयास हवा.

तज्ज्ञ म्हणजे केवळ दरवाजे उघडणारा-मिटणारा, असे मात्र कोणी समजू नये. त्याच इंदुराने वेगळ्या जातीचे तज्ज्ञही पाहिले आहेत. 1917 साली शहरात प्लेगचे भय होते, तेव्हा तुकोजीराव होळकरांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस ह्या स्कॉटिश नगररचनाकाराला पाचारण केले. गेडिस साहेबाने गल्लीबोळ पायी तुडविले. मग त्याने दिवाळीच्या मिरवणुकीचा एक बेत मांडला: जो रस्ता सर्वांत स्वच्छ असेल त्यावरून मिरवणूक जाईल. झाले! मोहल्ल्या-मोहल्ल्यांत चढाओढ लागली, गाड्या भरभरून कचरा बाहेर पडला आणि प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा मिरवून जाळण्यात आली. दुसऱ्या वर्षी त्याने दरबारास जो दोन खंडांचा अहवाल सादर केला, त्यात प्रचंड खर्चाच्या गटारयोजनेऐवजी सांडपाण्यावर बागा फुलविण्याचा आणि नद्या-तळी राखण्याचा मार्ग सुचविला होता. जुनी वस्ती जमीनदोस्त न करता हलक्या हाताने सुधारावी, हे त्याचे सूत्र होते. परका माणूस, भाषा परकी. पण लोकांचा सण त्याला कळला आणि आपली विद्या त्याने त्या सणाच्या पालखीत बसविली. धाराजीस जे घडले नाही ते हेच.

दुसरे उदाहरण सर अल्बर्ट हॉवर्ड ह्यांचे. 1924 ते 1931 ह्या काळात इंदूरच्या वनस्पतिसंशोधन संस्थेचे ते प्रमुख होते. काडीकचरा, शेण, माती आणि पाणी ह्यांचे थर रचून खत करण्याची जी पद्धत आज साऱ्या जगात ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते ती त्यांनी येथे सिद्ध केली. 1931 साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथावर सहलेखक म्हणून यशवंत वाड हे मराठी नाव आहे, ह्याचा आपणांस विसर पडला आहे. केंब्रिजमध्ये शिकलेले हॉवर्ड हिंदुस्थानातील शेतकऱ्यांना आपले गुरू म्हणवीत. ते पढीक विनयाने तसे म्हणत नसत; शेतकरी काय करतो हे वर्षानुवर्षे पाहून, त्यातले काय टिकते आणि का टिकते हे प्रयोगाने तपासून, मगच त्यांनी आपली पद्धत मांडली होती. लोकांचे शहाणपण जसेच्या तसे शिरोधार्य मानावे असे त्यांचे म्हणणे नव्हते आणि ते मोडीत काढावे असेही नव्हते. ते आधी समजून घ्यावे व मग तपासावे, एवढाच त्यांचा क्रम होता. हा क्रम उलटला म्हणजे काय होते ते आपण पुढे पाहू.

खुद्द इंदुरानेही पुढे आपला जुना धडा पुरता लक्षात ठेवला असे म्हणवत नाही. पावलोपावली पाणी असलेली भूमी अशी ज्या माळव्याची ख्याती, त्याच माळव्यातले हे शहर आपल्या तलावांना अपुरे पडू लागले. 1970 साली नागरिकांनी चळवळ केली आणि 1978 साली नर्मदेचे पाणी जलूदहून, सुमारे 70 किलोमीटर अंतर आणि 400 मीटरांहून अधिक चढ पार करून, इंदुरात आले. अभियंत्यांचा तो पराक्रम होता ह्यात वाद नाही. पण पाणी इतक्या दूरून व इतके उंच चढून येऊ लागले, की ते चढविण्याच्या विजेचा बोजा शहरावर कायमचा बसतो. तो हलका करण्याकरिता सौर वीजकेंद्र उभारावे म्हणून इंदूर महापालिकेला 2023 साली 244 कोटी रुपयांचे रोखे काढावे लागले. स्वच्छतेच्या स्पर्धेत 2017 पासून सलग 8 वेळा पहिला क्रमांक ह्याच शहराने पटकावला. सिरपूर तलाव आणि यशवंतसागर ह्यांना 2022 साली रामसर दर्जा मिळाला. हे सर्व खरेच भूषणावह. आणि तरीही 2025 च्या डिसेंबरच्या अखेरीस भगीरथाचे नाव लावलेल्या भागीरथपुरा ह्या वस्तीत नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, शेकडो लोक आजारी पडले आणि काहींना प्राण गमवावे लागले. रस्ता झाडता येतो, भिंत रंगविता येते. जमिनीखालची नळी मात्र रोज कोणीतरी तपासावी लागते. पारितोषिक रस्त्याला मिळते, मरण नळीतून येते.

आता दृष्टी आपल्या किनाऱ्याकडे वळवू. पणजीत वा ताळगावात राहणाऱ्या वाचकाला आपण बेटावर राहतो ह्याची आठवण कितीदा होते? एका बाजूस मांडवी, दुसऱ्या बाजूस जुवारी आणि त्या दोघींना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी. तिसवाडी हा तालुकाच्या तालुका बेट आहे. पोर्तुगीज त्याला ‘इल्हास’, म्हणजे बेटे, असेच म्हणत. पूल झाले, रस्ते रुंदावले आणि आपण बेटावर आहोत हे आपण विसरलो. 2019 च्या ऑगस्टात त्याची आठवण झाली. ओपाहून येणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या खांडेपारजवळ फुटल्या आणि राजधानीसह तिसवाडीचे नळ अनेक दिवस कोरडे पडले. भर पावसाळा, छपरांवरून पाणी धो धो वाहत होते आणि खाली माणसे टँकरची वाट पाहत उभी होती. वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या भूमीला ह्याहून मोठी लाज कोणती?

हा प्रकार आपल्याच वाट्याला आला असे नाही. 2014 च्या डिसेंबरात मालदीवची राजधानी माले येथे समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या कारखान्यास आग लागली आणि लाखाहून अधिक लोकवस्तीचे शहर एका दिवसात तहानेले झाले. भारताने विमानांतून व नौदलाच्या जहाजांतून पाणी धाडले तेव्हा ते तगले. माल्याचा तो कारखाना आणि आपली ओपाची जलवाहिनी ह्यांचा धडा एकच आहे. जे बेट एकाच झऱ्यावर, एकाच नळीवर किंवा एकाच यंत्रावर विसंबते ते दैवावर विसंबलेले असते.

आमच्या पूर्वजांनी हे ओळखले होते. मालवणसमोर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी 1664 ते 1667 ह्या काळात सिंधुदुर्ग उभारला. चहूंकडे खारा समुद्र आणि आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव ह्या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. एक नव्हे, तीन! गड बांधण्यापूर्वी पाण्याचा शोध घ्यावा, आणि पाणी असले तरी एकाच ठिकाणावर भिस्त न ठेवता तळी-टाकी करून साठा राखावा, हा मराठ्यांच्या राजनीतीचा दंडकच होता. रामचंद्रपंत अमात्यांनी तो आज्ञापत्रात नमूद करून ठेवला आहे. पुढे युरोपातील शास्त्रज्ञांनी ह्या गोड्या पाण्याचे गणित मांडले. पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने ते जमिनीत त्याच्यावर तरंगत राहते. गोड्या पाण्याची पातळी समुद्राहून एक मीटर वर असेल, तर खाली सुमारे 40 मीटरांपर्यंत गोडे पाणी सापडू शकते, असा हा ठोकताळा आहे. त्याचा अर्थ उलट बाजूनेही वाचावयास हवा. पंप लावून वरची पातळी एक हात उतरविली, तर खालून खारे पाणी चाळीस हात वर सरकू पाहते. बेटावरच्या विहिरीवर जेव्हा कोणी मोठा पंप बसवितो, तेव्हा तो फक्त स्वतःच्या वाट्याचे पाणी उपसत नाही; शेजाऱ्याच्या विहिरीत मीठ ओततो.

लक्षद्वीपच्या प्रवाळबेटांवर नेमके हेच संकट ओढवले होते. तेथे राष्ट्रीय सागर प्रौद्योगिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2005 साली कवरत्ती येथे एक केंद्र उभारले. समुद्राच्या पृष्ठभागाचे कोमट पाणी कमी दाबाखाली वाफेत रूपांतरित करावयाचे आणि सुमारे 350 मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ पुन्हा गोड्या पाण्यात थिजवावयाची. अशा रीतीने दिवसाला एक लाख लिटर पाणी मिळू लागले. 2011 साली अगत्ती व मिनिकॉय येथेही अशी केंद्रे झाली. ज्या समुद्राने बेटाला वेढले त्याच समुद्राच्या उष्ण-थंड स्वभावातून त्याची तहान भागविण्याची ही युक्ती आम्हांस स्तुत्य वाटते. रसायनांचा व गाळण्यांचा पसारा तिला लागत नाही. मात्र पंप चालविण्यास वीज लागते आणि बेटावरची वीज बव्हंशी दूरून आलेल्या डिझेलवर बेतलेली असते, हेही विसरता कामा नये. म्हणून यंत्र आले तरी छपरावरचे पाणी साठविण्याची आणि विहिरी राखण्याची सवय सुटता कामा नये. यंत्र हा आधार असावा, मिजास नसावी.

दिवाडी, चोडण, जुवे, कुंभारजुवे, वांशी ह्या आपल्या बेटांचा प्रश्न लक्षद्वीपहून निराळा आहे. येथे पाऊस विपुल आहे, डोंगरउतार आहेत, झऱ्या आहेत. येथला खरा पहारेकरी आहे तो खाजनांचा बांध. खाडीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर असलेली ही शेते मातीच्या, चिखलाच्या आणि चिऱ्यांच्या बांधांनी शतकानुशतके राखली. त्या बांधांतली मानस ही तर ग्रामीण बुद्धिमत्तेची कमाल आहे. भरतीचे पाणी चढले की लाकडी झडप त्याच्याच दाबाने मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने ती उघडते. ना वीज, ना यंत्रचालक, ना वेळापत्रक. चंद्र हाच तिचा अधिकारी. धाराजीच्या दरवाज्याला अमावास्या ठाऊक नव्हती. आमच्या मानशीला अमावास्येवाचून दुसरे काही ठाऊकच नाही. त्या बांधाआड खारे पाणी सोसणारे कोरगुट भात पिकले, पोंयीत मासळी पोसली आणि बांधाच्या आतल्या अंगाच्या विहिरी गोड्या राहिल्या. बांध शेताचा म्हणून ओळखला जातो, पण तो राखतो संपूर्ण गावाचे पाणी.

हे सर्व चालत होते ते गावकारीच्या शिस्तीमुळे. बांध कोणी पाहावा, फुटला तर कोणी धावावे, मानशीवरच्या मासेमारीचे उत्पन्न कोठे खर्चावे, ह्याचे नियम होते. मुक्तीनंतर 1964 चा कूळ कायदा आला. कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला हे न्याय्यच झाले. पण जबाबदारी गावकारीकडून कुळांच्या संघांकडे जाताना वाटेत कोठेतरी सांडली. भातापेक्षा मासळीत पैसा अधिक, म्हणून मानस अवेळी उघडी ठेवून खारे पाणी आत घेण्याची चटक काहींना लागली. खनिजाच्या बार्जींनी उसळणाऱ्या लाटांनी वर्षानुवर्षे बांधांची कड खाल्ली. मुंबईला वा परदेशी नोकरीला गेलेल्यांची शेते पडीक राहिली. मग बांध फुटला की सरकारी योजना येते, तिच्यामागून सल्लागार येतात, नकाशे होतात, काँक्रीटची भिंत होते आणि दोन-चार पावसाळ्यांत भिंतीखालची माती सरकून ती तडकते. चिखलाचा बांध का ओला ठेवावा लागतो, खारफुटी बांधाच्या कोणत्या बाजूस हवी, मानशीची फळी कोणत्या लाकडाची असावी, हे ज्या म्हाताऱ्या हातांना ठाऊक आहे, त्यांना त्या अहवालात जागा नसते. उंटावरून शेळ्या हाकण्याचा हा धंदा बेटांना परवडणारा नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो निराधार नाही. पूर्वजांचे ज्ञान थोर असेल, पण त्यांचा समुद्र स्थिर होता; आजचा समुद्र चढतो आहे. पूर्वीच्या उंचीचा बांध उद्याच्या भरतीला पुरेल कशावरून? आम्ही हे मान्य करतो. केवळ जुने ते सोने म्हणून स्वस्थ बसणे हा शुद्ध आळस होईल. म्हणूनच तर आम्हांला तज्ज्ञ हवे आहेत! 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलास, आपल्या दारात आहे. जुने गोवे येथील किनारी कृषि संशोधन संस्थेने खाऱ्या जमिनीत तग धरणारे ‘गोवा धान’ हे भाताचे वाण सिद्ध केले आहेत. विद्येची उणीव नाही. उणीव आहे ती विद्येने बांधावर येऊन बसण्याची. भरती किती वाढेल हे शास्त्रज्ञ सांगेल. बांध कोठे हळवा आहे हे बांधावरचा माणूस सांगेल. दोघांपैकी एकालाच विचारणे म्हणजे अर्धा बांध घालणे होय, आणि अर्ध्या बांधाने अर्धे पाणी अडत नसते.

आमच्या मागण्या फार नाहीत. प्रत्येक बेटाच्या विहिरी, झऱ्या, तळी, मानशी आणि बांध ह्यांची नोंदवही ग्रामपंचायतीत असावी, तिच्यात दरवर्षी मे अखेरीस पाण्याची पातळी व खारेपणा लिहिला जावा, आणि ती वही वाचल्यावाचून बेटावर कोणताही प्रकल्प, मग तो हॉटेलचा असो, पुलाचा असो वा देवस्थानाचा असो, मंजूर होऊ नये. बांधदुरुस्तीचा पैसा पावसाळ्यापूर्वी गावात पोचावा. बांध फुटल्यानंतर पोचणारा पैसा तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखाच आहे. मानशीचा लिलाव करणाऱ्यावर ती राखण्याची जबाबदारी कायद्याने बसवावी. बेटांसाठी नेमलेल्या तज्ज्ञाने निदान एक अमावास्या, एक पौर्णिमा आणि एक मृग त्या बेटावर काढावा व आपला अहवाल मराठी-कोंकणीत गावापुढे वाचून दाखवावा. ज्याला आपला अहवाल गावापुढे वाचता येत नाही, त्याला तो पुरता समजलेला नाही असे खुशाल मानावे.

जगातील लहान बेटराष्ट्रांनी 1994 साली बार्बाडोस येथे आपले गाऱ्हाणे मांडले. 2024 साली अँटिग्वा येथे ते चौथ्यांदा मांडले गेले. ठराव उत्तम होतात, पण ठरावाने कोणाचा घडा भरत नाही. गोव्याने 2022 साली घरोघर नळ पोचल्याचा दाखला देशात सर्वांआधी मिळविला. तो अभिमान आम्ही लपवीत नाही. परंतु दाखला नळाचा असतो, पाण्याचा नसतो, आणि आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

शेवटी दोन शब्द स्वतःलाही ऐकवावयास हवेत. तज्ज्ञांना आणि सरकारला बोल लावणे सोपे आहे. नळ आला त्या वर्षी अंगणातली विहीर कचऱ्याने बुजविणारे आपणच. विहिरीपासून चार पावलांवर शौचकूप खणणारे आपणच. खाजनात भराव घालून घर बांधणारा आणि पुढच्या पावसात पाणी घरात शिरले म्हणून ओरडणारा, दोघेही एकच. तुळशीला रोज पाणी घालणाऱ्या घराने ते पाणी ज्या विहिरीतून येत होते तिच्याकडे वर्षातून एकदा वाकून पाहिले, एक मे महिना गाळ काढण्यात घालविला, तर तेही तीर्थस्नानाहून कमी पुण्याचे नाही.

बेट सोडून जाणारी माणसे एकदम जात नाहीत. आधी विहीर मचूळ होते, मग शेत पडीक पडते, मग पोरे शिकावयास पलीकडे जातात आणि एके दिवशी फेरीबोटीतून शेवटचे सामान उतरते. ही क्रमवारी कोठे तोडावयाची हे अजून आपल्या हातात आहे. ती विहिरीपाशीच तोडली पाहिजे. फेरीबोटीपाशी ती तुटत नसते.